सुईचा अर्ज

आमच्या लॅबमध्ये तिला सगळे सुई म्हणत. एक तर अंगाने तशीच, आणि बोलणंही टोचरं. पण खरं कारण तिचा हात. ज्या म्हाताऱ्या माणसांच्या हातावर शीर शोधताना बाकीच्यांना घाम फुटायचा, तिथे ही दोन बोटं टेकवायची, क्षणभर थांबायची आणि पहिल्याच टोचणीत ट्यूब भरून मोकळी. वॉर्डातून फोन यायचे, "सुई आहे का हो? तिलाच पाठवा." मी त्या लॅबची इनचार्ज. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर सव्वीस वर्षं काढली, रक्त काढणारे खूप हात पाहिले. असा दुसरा नाही पाहिला.

ती आली तेव्हा एकवीस वर्षांची होती, टेक्निशियनचा कोर्स नुकताच पुरा केलेली. आई लहानपणीच गेलेली. वडील शिंपी, एका अरुंद दुकानात शाळांचे गणवेश शिवायचे. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की त्यांना मशीनसकट सरकावं लागे. नऊ वर्षं तिने आमच्याकडे काम केलं. कधी उशिरा आली नाही, आणि कधी गप्पही बसली नाही.

आमच्याकडे नियम होता: तपासणीत एखादा आकडा धोक्याचा आला की ताबडतोब वॉर्डात फोन करून कळवायचा. बाकीचे आकडा सांगून फोन ठेवत. सुई विचारायची, "मग आता तुम्ही काय करणार?" बहुतेक डॉक्टर हसून सांगत. एक दिवस एकजण भडकला. "तुमचं काम आकडा देणं. काय करायचं ते आमचं आम्ही बघू." तिने फोन ठेवला, हातमोजे काढले, आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"ताई, मला ते 'काय करायचं' शिकायचंय."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलतेय, दोन दिवसांत विसरेल. तिने दीड वर्ष अभ्यास केला, प्रवेश परीक्षा दिली, आणि तिसाव्या वर्षी आमच्याच हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्गात जाऊन बसली. सोबतची मुलं अठरा-एकोणीसची. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तेव्हा सगळे उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, शिकवायला आल्यात.

दुसऱ्या वर्षी वडिलांच्या डोळ्याचा पडदा सरकला. ऑपरेशननंतर कितीतरी दिवस त्यांना पालथं झोपून राहायचं होतं, मान वर करायची नाही. शिंप्याचा डोळा म्हणजे त्याचं सगळं काही. सुई त्यांच्याजवळ जमिनीवर बसून औषधशास्त्राचं पुस्तक मोठ्याने वाचायची, म्हणजे त्यांची करमणूक आणि तिचा अभ्यास. करमणूक झाली. अभ्यास झाला नाही. त्या विषयात ती नापास झाली. सहा महिन्यांनी सुटली, पण गुणपत्रिकेवर तो डाग राहिला तो राहिलाच.

खरी गोष्ट सुरू होते शेवटच्या वर्षी. तिला मेडिसिनची रेसिडेन्सी हवी होती. म्हणजे डॉक्टर झाल्यावर मोठ्या माणसांच्या पोटातल्या, छातीतल्या, रक्तातल्या सगळ्या दुखण्यांचं तीन वर्षांचं शिक्षण. जागा थोड्या, अर्ज ढिगाने. कॉलेजात अर्जांचं मार्गदर्शन करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी तिचे कागद चाळले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"गुण मध्यम. एक विषय राहिलेला. वय पस्तीस. बाई, तुम्ही दुसरं काहीतरी बघा. नाहीतर निदान फाईल तरी जाड करा."

ती फाईल जाड करण्याच्या मागे लागली. कार्यशाळा म्हणू नका, शिबिरं म्हणू नका, सगळीकडे हजेरी लावली. सह्यांची प्रमाणपत्रं गोळा केली. एका शोधनिबंधात नववं नाव म्हणून स्वतःचं नाव घालून घेतलं. मग ती फाईल घेऊन मेडिसिन विभागाच्या प्रमुखांकडे गेली. त्यांना सगळं हॉस्पिटल मोठ्या बाई म्हणायचं. उंचीने जेमतेम पाच फूट, पण त्या राउंडला निघाल्या की वॉर्डातली पंख्याची घरघरसुद्धा कमी झाल्यासारखी वाटायची. तिथे काय झालं ते सुईने मला त्याच दुपारी, कान लाल करून, जसंच्या तसं सांगितलं.

मोठ्या बाईंनी पानं उलटली. नवव्या नावाच्या निबंधापाशी थांबल्या. "यात तू काय केलंस?"

"मॅडम, मी... रुग्णांच्या मुलाखती होत्या त्या दिवशी खुर्च्या मांडल्या."

"बऱ्या मांडल्या होत्यास का?"

"हो मॅडम."

"मग तसं लिही." त्यांनी आणखी चार पानं उलटली. "आणि लॅबमधली नऊ वर्षं कुठायत? मला आठवतेस तू. माझ्या वडिलांचं रक्त तू काढलं होतंस."

सुईने मान खाली घातली. "गाळली, मॅडम. वाटलं, टेक्निशियन म्हटलं की लोक नाक मुरडतील."

मोठ्या बाईंनी फाईल बंद केली. "या फाईलमधल्या मुलीला मी घेणार नाही. मी तिला ओळखत नाही. तू समोर उभी आहेस, तिला घ्यायला मला आवडेल. तिचा अर्ज घेऊन ये. अजून आठ महिने आहेत. प्रमाणपत्रं नकोत. वॉर्डात जा, आणि तुला खरोखर छळणारा एक प्रश्न शोध."

प्रश्न तिला पंधरवड्यात सापडला. मागच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मेडिसिनचा वॉर्ड होता. तिथे एक निवृत्त बसचालक दाखल होते. हृदय अशक्त, पायांवर सूज. हृदयाला आधार देणारं त्यांचं एक औषध दोनदा बंद केलेलं, कारण सकाळच्या रिपोर्टात पोटॅशियम वाढलेलं दिसायचं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि ते औषध ते आणखी वाढवतं. म्हणून डॉक्टर घाबरून औषध थांबवायचे. औषध थांबलं की सूज चढायची.

सुईने त्यांचा कार्डिओग्राम पाहिला. पोटॅशियम वाढल्याची एकही खूण नाही. तिने डॉक्टरांची परवानगी घेतली, चालकांचा हात हातात घेतला, रक्त काढलं, आणि ती ट्यूब स्वतः चार जिने उतरून माझ्याकडे घेऊन आली. धापा टाकत म्हणाली, "ताई, हे आत्ताच्या आत्ता लावा."

लावलं. पोटॅशियम अगदी ठीक.

आम्ही दोघींनी रजिस्टर काढलं. बोट ठेवून ओळी वाचल्या. बाकी सगळ्या वॉर्डांचे आकडे नेहमीसारखे, आणि चौथ्या मजल्याची सकाळची सॅम्पलं मात्र वाढलेली. आज एक, काल दोन, परवा तीन. रक्तपेशी फुटल्या असत्या तर ट्यूबमधलं पेशींवरचं पाणी गुलाबी दिसलं असतं, आमच्या डोळ्यांनी ते लगेच टिपलं असतं. तसं काहीच नव्हतं.

"मी वर जाऊन बसते," सुई म्हणाली.

दोन दिवस सकाळी ती वॉर्डाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसली. सकाळी सहाला रक्त काढलं गेलं. आणि मग वॉर्डच्या सिस्टरनी सगळ्या ट्यूब नीट स्टँडमध्ये लावल्या, वर स्वच्छ फडकं घातलं, आणि स्टँड फ्रिजमध्ये ठेवला. मागच्या इमारतीची लिफ्ट बंद पडल्यापासून सॅम्पलं खाली नेणारे शिपाईकाका एकदाच, अकराच्या पुढे वर यायचे. तोवर रक्त खराब होऊ नये म्हणून ही काळजी. आणि गोची नेमकी तिथेच होती. रक्त तसंच थंडीत ठेवलं की पेशींमधलं पोटॅशियम हळूहळू बाहेर झिरपतं. पेशी फुटत नाहीत, रंग बदलत नाही. आकडा तेवढा फुगतो.

त्या सिस्टर वीस वर्षं तो वॉर्ड सांभाळत होत्या. सुईने त्यांना बाजूला नेऊन सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्यामुळे? मी तर जिवापाड जपत होते ती सॅम्पलं."

"तेच तर, सिस्टर. तुम्ही जपली नसती तर ती टेबलावर पडून राहिली असती, आणि मला काही कळलंही नसतं. चूक आमच्या लॅबचीही आहे. रक्त किती वाजता काढलं, हे आम्ही कधी विचारलंच नाही."

त्याच दिवशी फ्रिज रिकामा झाला. मोठ्या बाईंनी शिपाईकाकांच्या फेऱ्या दोन करवून घेतल्या, पहिली सातला. बसचालकांचं औषध पुन्हा सुरू झालं. आठवड्याभरात त्यांना स्वतःचे जोडे घालता येऊ लागले, आणि ते वॉर्डभर जोडे दाखवत फिरले.

इथपर्यंत मी खुश होते. पण सुईला यावर रीतसर अभ्यास करायचा होता. जुनी रजिस्टरं तपासायची, आणि रुग्णांची संमती घेऊन दोन-दोन ट्यूब काढायच्या, एक लगेच लावायची, दुसरी पाच तास थंडीत ठेवून लावायची. मग ते लिहायचं, छापायचं. मला ते झोंबलं. कारण त्या रजिस्टरांतल्या प्रत्येक रिपोर्टाखाली माझी सही होती. इतक्या वर्षांत माझ्या लॅबकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं.

"फ्रिज बंद झाला ना? मग कागदावर कशाला आणायचं?" मी म्हटलं.

"ताई, दुसऱ्या हॉस्पिटलांतही फ्रिज असतील."

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. खोटं कशाला सांगू, फुगून बसले. तिसऱ्या दिवशी ती आली, माझ्या समोरच्या खुर्चीत बसली. "ताई, तुमची हरकत असेल तर मी माझ्या अर्जात हे घालत नाही. माझं नावच नको त्यावर. पण तुम्ही लिहा. कुणीतरी लिहायलाच हवं."

एवढी धडपड जिच्या अर्जासाठी चालली होती, तीच तो अर्ज बाजूला सारत होती. मला माझीच लाज वाटली. मी कपाट उघडलं आणि तीन वर्षांची रजिस्टरं तिच्या पुढ्यात ठेवली. "घे. आणि माझी सही कुठे धूसर असेल तर सांग, गिरवून देते."

चार महिने ती सकाळी वॉर्डात आणि संध्याकाळी माझ्या शेजारी. जुने कार्डिओग्राम आणि नंतरच्या ताज्या तपासण्या ताडून निघालं ते असं: त्या वॉर्डात पोटॅशियम वाढलंय म्हणून नोंद झालेल्या बावन्न जणांपैकी अडतीस जणांचं मुळात वाढलेलंच नव्हतं. अकरा जणांचं गरजेचं औषध विनाकारण थांबवलं गेलं होतं. तिने प्रत्येकाच्या डॉक्टरांना कळवलं, मगच निबंध लिहायला घेतला. निबंधावर पहिलं नाव तिचं, दुसरं सिस्टरचं, तिसरं माझं, शेवटचं मोठ्या बाईंचं. सिस्टरनी ते पान वॉर्डात औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं. मी घरी नेलं आणि, आता सांगायला हरकत नाही, फ्रेम केलं.

मग अर्जातलं निवेदन लिहायची वेळ आली. हा मार्ग का निवडला, ते एका पानात सांगायचं. तिने पहिला मसुदा मला वाचून दाखवला. "लहानपणापासून मला रुग्णसेवेची ओढ होती..."

"खरं?" मी विचारलं.

"कुठलं खरं! लहानपणी मला रस्त्यावर शिट्टी वाजवणारा वाहतूक पोलीस व्हायचं होतं."

ते वाक्य खोडलं. त्या जागी तिने लिहिलं: 'नऊ वर्षं मी रक्तातले आकडे फोनवर सांगत होते. त्या आकड्यांपलीकडे कोण झोपलंय, हे बघायला मी वरच्या मजल्यावर आले.' नापास झालेल्या विषयाबद्दल दोनच ओळी घातल्या: वडिलांची शुश्रूषा, पहिल्या वेळी वेळेचं नियोजन चुकलं, दुसऱ्या वेळी विषय पुरा समजून घेतला. रडगाणं नाही, सारवासारव नाही. प्रमाणपत्रांची चळत तिने घरी ठेवली. खुर्च्यांचा निबंध काढून टाकला.

मुलाखतीची तालीम आम्ही लॅबमध्ये घेतली, दुपारच्या सुट्टीत. मी आणि दोन टेक्निशियन परीक्षक. ट्यूब फिरवून रक्त वेगळं करणारा सेंट्रिफ्यूज मधेच गरगरायला लागला की तिला ओरडून उत्तर द्यावं लागे. आम्ही तिला इतकं छळलं की एकदा ती म्हणाली, "खरे परीक्षक याहून बरे असतील."

खरे परीक्षक तिघे होते. दुसऱ्या शहरातलं मोठं हॉस्पिटल, लांबट खोली, काचेचं टेबल. एकाने नापास विषयाबद्दल विचारलं, तिने सरळ सांगितलं. त्यावर त्याने त्याच विषयातले तीन प्रश्न लागोपाठ टाकले. तिन्ही उत्तरं आली. दुसऱ्याने वयाचा विषय काढला. "तुमच्याहून दहा वर्षांनी लहान सीनियर तुम्हाला हुकूम सोडतील. झेपेल?"

"सर, कॉलेजात पाच वर्षं मला अठरा वर्षांच्या मुलांनी नोट्स दिल्या. त्यातल्या बऱ्याच माझ्या नोट्सपेक्षा चांगल्या होत्या."

मधल्या बाईंनी तिचा निबंध समोर ओढला. "यातून तुम्ही काय शिकलात? पोटॅशियमबद्दल नको, ते मी वाचलंय."

सुई म्हणाली, "मॅडम, ट्यूब फ्रिजमध्ये ठेवणाऱ्या सिस्टर वॉर्डातल्या सगळ्यात काळजी घेणाऱ्या होत्या. मी वर जाऊन आरडाओरडा केला असता तर त्यांनी मला फ्रिजचं दारही दाखवलं नसतं. चूक शोधायची तर आधी माणसाशेजारी बसावं लागतं."

मोठ्या बाईंनी शिफारसपत्र दिलं होतं, ते बंद पाकिटातून गेलेलं. त्यात काय लिहिलं होतं ते सुईला कधीच कळलं नाही. मला मात्र बाईंनी जिन्यात थांबवून एक वाक्य ऐकवलं: "मी लिहिलंय, हिला एखादी गोष्ट कळली नाही तर ही चार मजले चढून बघायला जाते. असा डॉक्टर मला वर्षाकाठी एखादाच भेटतो."

निकाल सकाळी दहाला लागला. सुई लॅबमध्येच उभी होती, फोन हातात. यादीत नाव होतं. तिने फोन माझ्यापुढे धरला. ओरडलो आम्ही. इतकं की शेजारच्या एक्स-रे विभागातून माणसं धावत आली, काय फुटलं ते बघायला. मग ती वडिलांच्या दुकानात गेली. त्यांनी मशीन थांबवली, तिचं बोलणं ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "आता कोटाचं माप नव्याने घ्यावं लागेल. खांदे रुंद झालेत तुझे." एवढं बोलून ते टेप शोधायला म्हणून पाठमोरे झाले. टेप त्यांच्या गळ्यातच होती.

रेसिडेन्सीची तीन वर्षं तिने त्या दुसऱ्या शहरात काढली. फोन यायचा, कधी थकलेला, कधी चिडलेला. पण एकदाही 'नको होतं' असा आला नाही. पोटॅशियमने तिला किडनीकडे ओढलं, कारण शरीरातला पोटॅशियमचा कारभार किडनीच बघते. तिसऱ्या वर्षी तिने किडनीच्या आजारांच्या फेलोशिपसाठी अर्ज केला. रेसिडेन्सीनंतरचं हे आणखी वरचं शिक्षण, जागा अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. या वेळी फाईल कशी असावी हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तीन वर्षांत दोनच अभ्यास केले होते. एक यशस्वी झाला, दुसऱ्यातून काहीच निघालं नाही. तिने दोन्ही घातले.

फेलोशिपच्या प्रमुखांनी नेमकं दुसऱ्यावर बोट ठेवलं. "यातून काहीच हाती लागलं नाही. मग अर्जात कशाला?"

"काहीच लागत नाही हे हाती लागलं, सर. पुढच्या माणसाचं एक वर्ष वाचलं."

ती जागा तिला मिळाली. त्या वर्षी तिथे दोनच घेतले होते.

गेल्या वर्षी फेलोशिपच्या शेवटी तिचं जाहीर व्याख्यान होतं. तिने तिच्या वडिलांना आणि मला बोलावलं. मी तेव्हा निवृत्त झाले होते. मोठं सभागृह, उतरत्या खुर्च्या, सगळे डॉक्टर. आम्ही तिसऱ्या रांगेत. वडिलांनी स्वतः शिवलेला सूट घातला होता आणि बसताना सुरकुती पडू नये म्हणून ते खुर्चीच्या टोकावर बसले होते. पडद्यावर आलेख येत होते, जात होते. एका आलेखाशी सुई क्षणभर थांबली, पाणी प्यायली. वडिलांना वाटलं, संपलं. ते ताडकन उठले आणि दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवू लागले. भर सभागृहात एकटेच. मी त्यांचा कोट ओढला. त्यांना कुठलं भान!

सुईने ग्लास खाली ठेवला, हसली, आणि माइकमध्ये म्हणाली, "बाबा, अजून दोन स्लाइड आहेत."

सभागृह हसलं. बाबा बसले नाहीत. त्यांनी उरलेल्या दोन स्लाइड उभ्यानेच पाहिल्या, आणि मीही त्यांच्या शेजारी उठून उभी राहिले.